जहाजांचं काळं तेल जाऊन काय येणार? मिथेनॉल, अमोनिया आणि आपला ऊस

बेळगावच्या उद्यमबागेतनं ज्यांची कास्टिंग युरोपला जातात त्यांनी फॉरवर्डरचं, म्हणजे माल जहाजानं पाठवून देणाऱ्या एजंटचं, बिल काढून बघा, ओशन फ्रेट म्हणजे जहाजभाड्याच्या खाली दोन-तीन बारक्या ओळी असतात. एक बंकर सरचार्जची, ती जुनीच आहे, जहाजाच्या इंधनाचा भाव हलला की ती हलते. आणि २०२४ पासून तिच्या खाली आणखी एक आली आहे, कुणाच्या बिलावर ईटीएस सरचार्ज लिहिलेलं असतंय, कुणाच्या एमिशन सरचार्ज. मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचंच काम करतो त्यामुळे ही ओळ रोज डोळ्यासमोर असते, आणि लहान फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले सगळे तेच विचारायलेत, ही कशाची, आम्ही का भरायची, आणि ते मिथेनॉलवरचं जहाज, अमोनियावरचं जहाज म्हणून पेपरात येतंय ती काय भानगड. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला जहाजांच्या धुरावर मतदान झालं आणि निर्णयच वर्षभर पुढं ढकलला, त्यामुळे गोंधळ अजून वाढला. आमच्याकडं घरचा ऊस पण आहे चिकोडी भागात, आणि हा विषय फिरून फिरून तिथंपर्यंत येतोय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

आत्ता जहाज चालतंय कशावर

साखर कारखान्यात ऊस गाळला, रस आटवला, साखर काढून घेतली की खाली मळी उरते, काळी आणि चिकट. रिफायनरीत कच्च्या तेलाचं असंच होतंय. गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल वरच्या वर काढून घेतल्यावर तळाला जे घट्ट काळं तेल उरतंय ते जहाजात जातंय. गार असताना ते धड वाहत पण नाही, इंजिनात सोडायच्या आधी शंभर अंशाच्या वर तापवून पातळ करावं लागतंय. पण ते स्वस्त आहे, थोड्या जागेत भरपूर ताकद साठवतंय आणि जगातल्या प्रत्येक मोठ्या बंदरात मिळतंय. जहाजात भरायच्या कुठल्याही इंधनाला बंकर म्हणतात, म्हणून तो बंकर सरचार्ज.

एक मोठं कंटेनर जहाज चालू असताना दिवसाला शंभर टनाच्या वर तेल सहज जाळतंय. जगातली सगळी जहाजं मिळून वर्षाला साधारण ३० कोटी टन. एक टन तेल जळलं की तीन टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड, पुढं त्याला सीओटू म्हणू, हवेत जातो. म्हणजे वर्षाला शंभर कोटी टनाच्या आसपास, जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास ३ टक्के. दुसरीकडं जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांच्या वर माल जहाजानंच जातोय हेही लक्षात ठेवा, टनामागं बघितलं तर ट्रक आणि विमानापेक्षा जहाज कितीतरी कमी धूर सोडतंय. तरी एकूण आकडा मोठा आहे आणि व्यापार वाढतोय तसा तो वाढतोय.

२०२० च्या १ जानेवारीपासून जहाजाच्या तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली हे बऱ्याच जणांना आठवत असेल, कारण तेव्हा पण फ्रेट वाढलं होतं. पण त्यानं गंधक कमी झालं, कार्बन होता तेवढाच राहिला. आताचं सगळं भांडण कार्बनचं आहे.

मग हा सरचार्ज घेतंय कोण

युरोपियन युनियनची कार्बनची बाजारपेठ आहे, तिलाच ईटीएस म्हणतात, जेवढा सीओटू सोडला तेवढी परमिट विकत घ्यायची. २०२४ पासून त्यात जहाजं आली. २०२४ च्या धुरातला ४० टक्के भाग मोजला, २०२५ चा ७०, आणि २०२६ पासून पूर्ण १००. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाचा, म्हणजे एक टोक युरोपच्या बाहेर असलेल्या प्रवासाचा, निम्मा धूर धरतात. शिपिंग लाइन ती परमिट घेते आणि पैसे बिलात टाकते. शिवाय २०२५ पासून युरोपचा दुसरा नियम लागू झाला, जहाजाचं इंधनच हळूहळू स्वच्छ होत गेलं पाहिजे, सुरुवातीला फक्त २ टक्के, २०३० ला ६, आणि २०५० पर्यंत ८० टक्के.

इथं एक गल्लत होते म्हणून सांगून ठेवतो. लोखंड-पोलादाच्या मालावर युरोपनं जो सीमेवरचा कार्बन कर आणलाय, सीबीएएम, तो वेगळा. तो आपल्या भट्टीतल्या आणि कच्च्या मालातल्या कार्बनचा, हा जहाजाच्या धुराचा.

लंडनला काय झालं

जहाजांचे जागतिक नियम करते ती संयुक्त राष्ट्रांची संस्था म्हणजे आयएमओ, कचेरी लंडनला. २०२३ मध्ये सगळ्या देशांनी तिथं मान्य केलं की २०५० च्या आसपास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. ते कसं आणायचं याचा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये मतदानाला आला, ६३ देश बाजूनं, १६ विरोधात, भारत बाजूनं होता. ५,००० ग्रॉस टनाच्या (हे जहाजाच्या आकाराचं माप) वरच्या जहाजांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कार्बन सोडला तर टनाला १०० डॉलर, आणि फारच मागं राहिलं तर ३८० डॉलर भरायचे, आणि जमलेल्या पैशातनं स्वच्छ इंधन वापरणाऱ्याला मदत करायची, असा तो बेत. ऑक्टोबरमध्ये पक्कं व्हायचं होतं. अमेरिकेनं उघड विरोध केला, सौदी अरेबियानं बैठक तहकूब करायचा ठराव आणला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी ते वर्षभर पुढं गेलं.

माझ्या मते हे वाईट झालं, आणि ते पर्यावरणाच्या बाजूनंच म्हणतो असं नाही. एकच जागतिक नियम असता तर सगळ्यांना एकच हिशोब लागला असता. आता युरोपचा वेगळा, उद्या अजून कुणाचा वेगळा, आणि बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या दहा माणसांच्या शॉपला ते सगळे फॉर्म कोण भरून देणार.

बॅटरी का नाही बसवत

हा पहिला प्रश्न, आणि रास्त आहे, बेळगावात इलेक्ट्रिक स्कूटर एवढ्या दिसायला लागल्यावर तो येणारच. छोट्या अंतराला बॅटरी चालतेच. नॉर्वेत २०१५ पासून बॅटरीवरची फेरी आहे, आपल्याकडं कोची वॉटर मेट्रोच्या बोटी एप्रिल २०२३ पासून धावायलेत. पण समुद्र ओलांडायचा तर वजन आडवं येतंय. दिवसाला १०० टन तेल आणि वीस दिवसांचा प्रवास धरा, २,००० टन तेल. तेवढंच काम बॅटरीकडनं करून घ्यायचं तर बॅटरीचं वजन साठ हजार टनाच्या आसपास जातंय, इंजिनात तेलाची निम्मी ताकद वाया जाते हे धरून सुद्धा. मग कंटेनर ठेवणार कुठं? म्हणून लांबच्या जहाजाला टाकीत भरता येईल असं काहीतरीच पाहिजे.

टाकीत भरायला काय काय आहे

पहिला एलएनजी, म्हणजे उणे १६२ अंशाला गार करून पातळ केलेला नैसर्गिक वायू. यावर चालणारी जहाजं सध्या भरपूर आहेत, काळ्या तेलापेक्षा सीओटू वीस-पंचवीस टक्के कमी. पण हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि इंजिनात थोडा न जळताच धुराड्यातनं निसटतो. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन सीओटूच्या ऐंशी पटीच्या वर उष्णता धरतो, त्यामुळे थोडा जरी निसटला तरी फायदा खाऊन टाकतो. मला तर हा रस्ता अर्ध्यात संपणारा वाटतो.

हायड्रोजन जळला की नुसतं पाणी. पण तो पातळ ठेवायला उणे २५३ अंश लागतात आणि तरीही जागा फार खातो. नॉर्वेत २०२३ पासून एक फेरी पातळ हायड्रोजनवर चालते, पण महासागराच्या जहाजाला आज तरी हे जमणारं नाही. अणुऊर्जेचं मालवाहू जहाज अमेरिकेनं साठच्या दशकातच चालवून बघितलं होतं, पण कुठलं बंदर त्याला आत घेणार हा प्रश्न अजून तसाच आहे.

राहिले दोन, आणि खरी चुरस त्यांच्यातच आहे.

मिथेनॉल एक साधं अल्कोहोल, आपल्या हवेत पातळच राहतंय, त्यामुळे टाकीला मोठं गार करायचं यंत्र नको, जुन्या जहाजात पण बदल करून बसवता येतंय. २०१५ मध्ये स्वीडन-जर्मनी मार्गावरची एक मोठी फेरी अशी बदलून घेतली होती. २०२३ मध्ये मर्स्क कंपनीचं लॉरा मर्स्क हे मिथेनॉलवर चालणारं जगातलं पहिलं कंटेनर जहाज आलं, २,१०० कंटेनरचं लहान जहाज, आणि पुढच्याच वर्षी सोळा हजार कंटेनरची मोठी जहाजं यायला लागली. इंजिन असं असतंय की मिथेनॉल पण जाळता येतंय आणि मिळालं नाही तर साधं तेल पण. तोटा असा की काळ्या तेलाच्या निम्मीच ताकद किलोला, म्हणून टाकी जवळपास अडीच पट मोठी लागते. आणि हे विषारी दारूत सापडतं तेच मिथेनॉल, पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, आणि त्याची ज्योत दिवसा दिसतच नाही, त्यामुळे आगीचे सेन्सर वेगळे बसवावे लागतात.

अमोनिया आपल्या शेतकऱ्याला नावानं नाही तरी वासानं माहीत आहे. युरिया याच्यापासूनच बनतो, बर्फाच्या फॅक्टरीत आणि दुधाच्या चिलिंग प्लांटमध्ये गार करायला हाच वायू फिरत असतो. त्याच्यात कार्बन मुळातच नाही त्यामुळे जळताना सीओटू यायचा प्रश्न येत नाही. उणे ३३ अंशाला पातळ होतो, ते जमण्यासारखं आहे. २०२४ मध्ये सिंगापूरला एका जहाजात आणि जपानमध्ये टोकियोच्या खाडीतल्या एका टगबोटीत अमोनिया इंधन म्हणून वापरून झाला. पण तो पेटायला आळशी, सोबत थोडं दुसरं इंधन द्यावं लागतंय, आणि नीट जळला नाही तर नायट्रस ऑक्साइड तयार होतो जो सीओटूच्या २७० पटीच्या वर वाईट.

खरी मेख: ते बनवलं कसं

जहाजाच्या बाजूवर ग्रीन लिहिलं म्हणून इंधन ग्रीन होत नाही. आज जगात जो अमोनिया बनतो, वर्षाला १८ कोटी टनाच्या आसपास, तो जवळपास सगळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनतो आणि एक टन बनवताना दोन टनाच्या आसपास सीओटू बाहेर पडतो. मिथेनॉलचं तेच, चीनमध्ये तर कोळशापासून. असलं इंधन जहाजात जाळलं तर बंदरात धूर कमी दिसेल पण कारखान्याच्या धुराड्यातनं जास्त गेलेला असेल, म्हणजे हिशोबात आपण काळ्या तेलापेक्षा पण मागं. म्हणून खाणीपासून जहाजाच्या पंख्यापर्यंत पूर्ण साखळीचा कार्बन मोजायला पाहिजे, युरोपचा इंधनाचा नियम तसाच मोजतो आणि ते बरोबर आहे.

स्वच्छ पद्धत अशी की वारा किंवा सूर्याच्या विजेनं पाण्यातला हायड्रोजन वेगळा काढायचा, त्याला ग्रीन हायड्रोजन म्हणतात. तो हवेतल्या नायट्रोजनला जोडला की ग्रीन अमोनिया, सीओटूला जोडला की ई-मिथेनॉल. आणि इथं एक अट आहे, तो सीओटू कोळशाच्या धुराड्यातला असून उपयोग नाही, कारण मग तो जमिनीखालचाच कार्बन फिरून हवेत जाणार. तो झाडापिकातनं आलेला पाहिजे, जो पिकानं गेल्या हंगामात हवेतनंच घेतलेला असतो.

मग उसाचं इथेनॉलच घाला की जहाजात

हे आमच्या भावकीतला प्रत्येक माणूस म्हणतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल २०२५ मध्ये झालं, कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवून ठेवल्यात, आणि २०२५-२६ साठी ऑइल कंपन्यांनी जे साधारण १,०४८ कोटी लिटर वाटप केलं त्यात उसाचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास, बाकी मका आणि तांदूळ. नोव्हेंबर २०२५ ला गुर्लापूर क्रॉसवर ऊसदराचं आंदोलन पेटलं, टनाला ३,५०० मागितले, शेवटी ३,३०० वर मिटलं, तेव्हा पण इथेनॉलचा कोटा कमी मिळतोय हे रडगाणं होतंच. तेव्हा नवीन गिऱ्हाईक मिळालं तर कुणाला नको आहे.

आणि तांत्रिक बाजूनं ते जमतंय. मिथेनॉलच्या इंजिनात थोड्या फरकानं इथेनॉल चालतंय, मर्स्कनं २०२५ च्या शेवटी लॉरा मर्स्कमध्येच १० टक्के इथेनॉल मिसळून चाचणी घेतली. किलोला ताकद तर मिथेनॉलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त.

पण दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे प्रमाण. जगातली सगळी जहाजं इथेनॉलवर चालवायची तर वर्षाला साधारण ५६ हजार कोटी लिटर लागेल. अख्ख्या जगात आज जेवढं इथेनॉल बनतंय ते याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. दुसरं म्हणजे युरोपच्या नियमात अन्नाच्या किंवा चाऱ्याच्या पिकापासून केलेलं इंधन स्वच्छ धरतच नाहीत, काळ्या तेलासारखंच मोजतात. का, तर जमीन आणि पाणी खाण्याच्या पिकाकडून इंधनाकडं जाऊ नये म्हणून. त्यांचा मुद्दा आपल्याला पटो न पटो, डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून आपल्याच केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अडवलं होतं, तेव्हा ही ओढाताण आपण बघितलेली आहे. ज्या इंधनाचा पुरवठा एका पावसानं बंद पडतो त्याच्या भरवशावर पंचवीस वर्षं चालायचं जहाज कोण बांधेल?

डिस्टिलरीत उडून जातंय ते बघा

मला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या ठिकाणी. कुठल्याही डिस्टिलरीत फर्मेंटेशनच्या टाकीजवळ उभारून बघा. मळी आणि पाण्याच्या त्या तपकिरी मिश्रणाला यीस्ट घातलं की काही तासात वर जाड फेस धरतो, बुडबुडे थांबायचं नाव घेत नाहीत, वास असा आंबूस की नाकात बसतो. तो बुडबुडा म्हणजे जवळपास शुद्ध सीओटू. एक लिटर इथेनॉलमागं पाऊण किलो. काही ठिकाणी बाटलीत भरून सोड्याला, ड्राय आइसला विकतात, बाकी सरळ हवेत. धुराड्यातला सीओटू गाळून वेगळा करायला जो खर्च येतो तो इथं नाहीच, आणि तो उसातनं आलेला असल्यामुळे ई-मिथेनॉलला पाहिजे तसलाच.

आता हिशोब मांडू. दिवसाला एक लाख लिटरची डिस्टिलरी धरा, चिकोडी-अथणी-रायबाग पट्ट्यात असल्या आकाराच्या नवीन नाहीत. रोज ७५ टन सीओटू. त्यातनं ५० टनाच्या वर मिथेनॉल होऊ शकतंय, त्याला रोज १० टन हायड्रोजन लागेल. वर्षातले ३०० दिवस चालली तर १५,००० टन. लॉरा मर्स्कसारख्या लहान जहाजाला वर्षाला १०,००० टनाच्या आसपास मिथेनॉल लागतंय. म्हणजे एका डिस्टिलरीच्या बुडबुड्यावर दीड जहाज वर्षभर, आणि त्यासाठी एक कांडं ऊस जास्त लावायचा नाही, इथेनॉल पण पूर्वीसारखंच विकायचं. हे कागदावरचं स्वप्न नाही, डेन्मार्कमध्ये कासो नावाच्या ठिकाणी मे २०२५ मध्ये वर्षाला ४२,००० टनाचा ई-मिथेनॉलचा कारखाना सुरू झाला, तो बायोगॅसमधला सीओटू वापरतो आणि लॉरा मर्स्कला इंधन देतो.

अडचण विजेची आहे. रोज १० टन हायड्रोजनला २२ मेगावॉटच्या आसपास अखंड वीज लागते, आणि वारा-ऊन अखंड नसतंय त्यामुळे पवनचक्क्या आणि सोलर मिळून ऐंशी मेगावॉट तरी उभे करायला लागतील. सौंदत्तीच्या माळावर वारा चांगला आहे, पवनचक्क्या उभ्या आहेतच. पण पैसा मोठा, एकट्या सहकारी कारखान्याला झेपणारा नाही. सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनाचं लक्ष्य, पण त्यातला जोर कांडला, पारादीप, तुतिकोरिन असल्या बंदरांवर आहे. शुद्ध सीओटू मात्र बंदरात नाही, तो साखरपट्ट्यात आहे. हे कुणीतरी जोडून बघितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतंय, आणि आपल्या गावात साखरेचं संशोधन करणारी निजलिंगप्पा संस्था असताना ती सुरुवात इथनंच व्हायला काय हरकत आहे.

आणि पाणी?

हायड्रोजन पाण्यातनं काढायचा म्हटल्यावर घटप्रभा-मलप्रभेच्या काठचा माणूस दचकणारच. उन्हाळ्यात राकसकोपची पातळी खाली गेली की बेळगाव शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतंय हे आपल्याला कुणी सांगायला नको. तर हिशोब असा. एक किलो हायड्रोजनला प्रत्यक्षात ९ लिटर पाणी फुटतं, शुद्ध करताना आणि गार करताना जातंय ते धरून २० लिटर म्हणा. १० टनाला रोज दोन लाख लिटर, ३०० दिवसांचे सहा कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतंय. पण उसाच्या पिकाला लागणीपासून तोडणीपर्यंत पाऊस धरून दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतंय, मधला आकडा धरला तर एकराला ८० लाख लिटर. म्हणजे त्या सगळ्या हायड्रोजनचं पाणी साडेसात एकर उसाएवढं. त्याच्या दुप्पट-तिप्पट ऊस ठिबकवर आणला तर भागतंय. वर मिथेनॉल बनताना टनामागं अर्धा टनाच्या वर पाणी परत पण मिळतंय. पाण्याची काळजी खरी आहे, पण ती ऊस कसा भिजवतो तिथं करायला पाहिजे.

अमोनिया बंदरात आणायचा म्हणजे धोका नाही का

आहे, आणि मोठा आहे. हवेच्या दहा लाख भागात अमोनिया ३०० भाग झाला की जिवाला तातडीचा धोका धरतात. जहाजात खलाशी चोवीस तास राहतात, इंजिनरूममध्ये गळती झाली तर पळून जायला समुद्रात जागा नाही. वास्को, मुरगावसारखं बंदर भरवस्तीला लागून आहे. बाजूनं सांगायचं तर खतासाठी अमोनिया जहाजानं नेणं-आणणं कितीतरी वर्षं चालू आहे, हाताळायची पद्धत माहीत आहे. पण नेणं वेगळं आणि रोज इंजिनात घालणं वेगळं. दुहेरी पाइप, गळती शोधणारे सेन्सर, खलाशांचं नवीन प्रशिक्षण, हे सगळं झाल्याशिवाय घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या इंजिनरूममध्ये आपल्याच गोवा-कारवारकडची पोरं असतात.

खताचं पण विचारलं पाहिजे. सगळी जहाजं अमोनियावर गेली तर आज जगात बनतो त्याच्या साडेतीन पट अमोनिया लागेल. नवीन ग्रीन प्लांट न उभारता जहाजवाले आहे त्याच बाजारात उतरले तर युरियाचा कच्चा माल महागणार आणि सबसिडीचा बोजा वाढणार. भारतात २०२५ मध्ये खत कंपन्यांसाठी ग्रीन अमोनियाचे लिलाव झाले, किलोला साधारण ५० ते ६५ रुपये भाव निघाला, जो सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी होता. माझ्या मते तो आधी खतातच जावा. खताला दुसरा पर्याय नाही, जहाजाला मिथेनॉलचा आहे.

शेवटी आपल्या बिलावर किती पडणार

ढोबळ हिशोब करू. २० टन कास्टिंगचा एक कंटेनर, न्हावाशेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ११,७०० किलोमीटर, मोठ्या जहाजाचा एक टन माल एक किलोमीटर न्यायला १० ग्रॅम सीओटू धरला तर कंटेनरमागं अडीच टनाच्या आत. युरोप निम्मा मोजतो, टनाला ७५ युरो परमिट धरलं तर नव्वद युरो, म्हणजे किलोला पन्नास पैशाच्या आत. हा झाला आजचा सरचार्ज, २०२६ पासूनच्या पूर्ण दरानं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्या मार्गानं हा आकडा पावणेदोन पटीच्या आसपास जातो.

आता समजा तेलाच्या जागी तिप्पट महाग स्वच्छ इंधन आलं. कंटेनरमागं पाऊण टनाच्या आसपास तेल जळतंय, टनाला ५५० डॉलर धरा, जास्तीचे सव्वाआठशे डॉलर, म्हणजे किलोला पावणेचार रुपयाच्या आसपास. जर्मनीत ज्या ट्रॅक्टरमध्ये किंवा पंपात ते कास्टिंग बसतंय त्याच्या किमतीत हे दिसणार पण नाही. पण किलोला तीन-चार रुपयाच्या मार्जिनवर जॉब घेणाऱ्या आपल्या फौंड्रीला मात्र ते बुडवू शकतंय. म्हणून माझं म्हणणं, हा बोजा गिऱ्हाइकानं उचलायचा आहे आणि ते करारात लिहून घ्यायला पाहिजे.

तोपर्यंत सोपे उपाय चालूच आहेत. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबानं वाढते, त्यामुळे वेग १० टक्के कमी केला की त्याच प्रवासाला तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचतंय, माल दोन दिवस उशिरा पोचतो एवढंच. जपानमध्ये २०२२ मध्ये आणि नंतर आणखी काही मालवाहू जहाजांवर उंच घडीची शिडं पण बसवली, वारा मिळाला की इंजिन हलकं होतंय.

फॉरवर्डरशी वर्षाचा रेट ठरवताना तीन गोष्टी लेखी मागा. एमिशनची ओळ फ्रेटमध्ये धरलेली आहे का वेगळी, वेगळी असेल तर परमिटचा कुठल्या तारखेचा भाव धरला, आणि जहाजानं वळसा घातला तर ती आपोआप वाढणार का. एफओबीवर माल देत असाल तर फ्रेट आणि हा सरचार्ज गिऱ्हाइकाकडं जातो, सीआयएफवर देत असाल तर तुमच्याकडं राहतो. आणि सीआयएफच्या जुन्या ऑर्डरमध्ये सरचार्ज बदलला तर फरक खरेदीदाराचा असं एक वाक्य टाकून घ्या, कारण आयएमओचं तहकूब झालेलं मतदान परत होणार आहे आणि ते पास झालं तर अशीच आणखी एक ओळ अमेरिकेच्या आणि आखाताच्या बिलावर पण येऊ शकते.